दूधभात खातंय म्हणून सांगा

काल नांदेडहून आत्या आली, पोरांना घेऊन. धाकट्यानं तांब्या असा पोटाशी धरलेला की मला वाटलं गंगेचं पाणी आणलं असंल. वाकून बघते तर आत कासवाचं पिल्लू! पेढ्याएवढं. काळंभोर, पाठीवर मधोमध बारीक धार, आणि मान लांब करून वर माझ्याकडंच बघून राहिलेलं.

"गिरजाताई, हे काय खातंय? सांग ना!"

झालं. मला एवढंच विचारायचा अवकाश होता. मी एका दमात सुरू झाले. अरे, तांब्यात नको, पसरट भांड्यात ठेव. पाणी दोन बोटंच. एक दगड ठेव, त्याला चढून बसता आलं पाहिजे. सकाळचं कोवळं ऊन दाखव. खायला घालायचं ते वेगळ्या ताटलीत, न्हाईतर पाणी नासतंय अन् त्याचे डोळे सुजतात. आणि खायला त्याला...

तिथं मी अडले. कारण आत चुलीपुढं अव्वा, माझी आई, भाकरी थापत होती आणि थापायचा आवाज थांबला होता. पोरगं माझ्या तोंडाकडं बघत उभं. मी म्हटलं, "मग सांगते, जा, आधी हातपाय धू."

ते "मग" अजून आलेलं नाही. म्हणून इथं सांगून टाकते. मला कुठंतरी सांगायलाच पाहिजे, नाहीतर माझं काही खरं नाही.

बाहेर म्हातारा पाऊस लागलाय. आमच्याकडं पावसांना वय असतं. तरणा पाऊस येतो तो दणादण, पत्रे वाजवत, आणि त्याच्यामागून म्हातारा येतो तो नुसता कण्हत. थांबत नाही आणि पडतही नाही धड. ओसरीवर वाळत घातलेल्या लुगड्याला कुबट वास, सरपण ओलं, घरभर धूर, अप्पांच्या दुकानातल्या गुळाच्या ढेपांना पाझर सुटलेला, त्यावर माश्या. गेल्या साली असाच होता हा पाऊस. लोक म्हणतात लातुरात पाऊस पडत नाही. गेल्या साली मला तरी वाटत होतं की तो आमच्याच गोठ्यामागं येऊन बसलाय.

गेल्या साली अजून निजामाचं राज्य होतं. माझा थोरला भाऊ बसवराज, घरात बसू, मला अण्णा, नांदेडला आत्याकडं राहून शिकत होता. उन्हाळ्याआधीच शाळा ओस पडायला लागल्या. कुणी चळवळीत गेलं, कुणाला घरच्यांनी बोलावून घेतलं. अप्पांनीही अण्णाला बोलावलं. तो आला तेव्हा त्याच्या हातात असाच तांब्या होता. गोदावरीच्या काठाला कावळे टोचत होते म्हणे त्या पिल्लाला, ह्यानं आपला रुमाल टाकून उचललं. पुस्तकांची पिशवी गाडीतच विसरला. कासव नाही विसरला.

अप्पा दुकानातून आले, बघितलं आणि म्हणाले, "वा रे वा! मदरशात उर्दू शिकाया पाठवलं, अन् पोरगं कासव शिकून आलं."

अव्वा हसली. अण्णा हसला नाही. तो असल्या गोष्टीत लई गंभीर. आम्ही लिंगायत, घरात कांद्याशिवाय कशाला उग्र वास येत नाही. पण अण्णा आमच्यापेक्षा चार पावलं पुढं. स्वामींकडनं दीक्षा घेतल्यापासून गळ्यातलं लिंग हातावर घेऊन पूजा केल्याशिवाय घोटभर पाणी प्यायचा नाही. नांदेडला एवढी वर्षं राहिला, पण हॉटेलात चहासुद्धा नाही. "त्या कपात कुणी काय खाल्लं असंल, काय मालूम," म्हणायचा. मी त्याला चिडवायची, "अण्णा, तुला मठातच देऊन टाकू." तो म्हणायचा, "द्या. पण जेवाया घरी येईन."

तर अण्णानंच ठरवलं पिल्लू काय खाणार ते. "महादेवाच्या देवळात नंदीपुढं कासव असतंय का न्हाई? तसलंच हे. दूधभातावर राहील."

कुणाला शंकाही आली नाही. दगडाच्या कासवाला गावातल्या बाया दूधभाताचा निवद दाखवतातच की! जितं कासव तरी वेगळं काय मागणार? तांब्याचं जुनं घंगाळ काढलं, त्यात पाणी, पाण्यात वरवंट्याचा तुटका तुकडा, आणि काठावर भाताची शितं. अण्णा पालथा पडून बघत बसायचा. "खातंय. आता खाईल बघ. तू हलू नको, गिरजे!"

मग एक दिवस अप्पांनी त्याला बार्शीला धाडायचं ठरवलं. धरपकडीच्या भीतीनं लातुरातून तरणी पोरं निघून चालली होती. बार्शी पलीकडं, हद्दीच्या पार, तिथं स्वराज्य आलेलं. तिथल्या एका आडत्याच्या माडीवर अण्णाची सोय झाली. आमच्या छोट्या आगगाडीत बसलं की काही घंट्यांत बार्शी. मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. तेवढंच अंतर. पण त्या साली ते अंतर एखाद्या मुलखाएवढं झालं होतं.

निघताना तो अव्वाच्या पाया पडला, मग घंगाळाशी बसला, बोटानं पिल्लाच्या पाठीवर टिचकी मारली आणि हसत म्हणाला, "अव्वा, मी येईपर्यंत ह्याला जगव बरं."

तो हसत म्हणाला. अव्वानं ते हसण्यावारी घेतलं नाही. माझी अव्वा शपथा घालणारी, नवस बोलणारी बाई नाही. पण त्या दिवसापासून तिच्या मनानं घेतलं. हे जगलं की ते जगलं. ह्याचं पोट भरलं की त्याचं भरलं. ती असं तोंडानं कधी म्हणाली नाही, पण मला कळत होतं. जेवायला बसायच्या आधी ती घंगाळात डोकावायची. शितं तशीच असली की तिचा पहिला घास तोंडापाशी थांबायचा.

आणि शितं तशीच असायची! रोज. दुधानं पाणी आंबायचं, अव्वा ते बदलायची, पुन्हा शितं टाकायची. पिल्लू हलकं झालं. उचललं तर वाळलेल्या बेलफळाच्या टरफलासारखं. डोळ्यांवर सूज.

तेव्हा अव्वाला शिवकीर्तनात ऐकलेलं आठवलं. कासवी म्हणे पिल्लांना दूध पाजत नाही, चारा देत नाही. ती या काठावर, पिल्लं त्या काठावर, आणि ती नुसती बघत राहते. तिच्या नजरेवर पिल्लं पोसतात. बुवा हे सांगताना आवाज असा ओला करतात की बाया पदर डोळ्याला लावतात. अव्वा मला म्हणाली, "आईवाचून उपाशी हाय ते. त्याच्याकडं कुणी बघतच न्हाई."

मग ती बघायला लागली. खरंच सांगते. सकाळी अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून, ती गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायची आणि डोळे न मिटता बघत बसायची. ती आमची रोजची पूजाच. ती झाली, लिंग परत डबीत गेलं, की त्याच तळहातावर ती पिल्लू घ्यायची. तसंच काळं, तसंच गोल, तेवढंच. दारातून बघितलं तर कळायचं नाही हातात देव आहे का कासव. तीच पाठ ताठ, तीच मान, तेच न हलणारे डोळे.

"काय बघून राहिलीस एवढं?" अप्पा विचारायचे.

"जेवाया घालून राहिले."

"बघ हां, एखाद्या दिवशी चुकून कासव गळ्यात बांधशील अन् लिंगाला सोडशील घंगाळात!"

अव्वा डोळे न हलवता म्हणायची, "बांधीन. तुमचं काय जातंय?"

मी हसायची. आता वाटतं, ती फक्त पिल्लाकडं बघत नसायची. ती बार्शीकडं बघायची. दुसऱ्या काठावरच्या लेकराला आई नजरेशिवाय दुसरं काय घालणार होती? आणि पोट काही नजरेनं भरत नाही, हे ज्या आईला समोर दिसत असंल, तिनं काय करावं?

पिल्लू मान आत घेऊन बसायला लागलं. अव्वाचं जेवण तुटलं.

आणि मग एक दिवस, म्हाताऱ्याच पावसात, मी घंगाळातलं पाणी बदलत होते. जास्वंदीच्या आळ्यातनं एक गांडूळ वाहत आलं, सुतासारखं बारीक, आणि माझ्या हाताला चिकटून पाण्यात पडलं. मी किंचाळणार, तेवढ्यात पिल्लाची मान सर्रकन बाहेर! एवढी लांब मान असते हे मला ठाऊकच नव्हतं. पकडलं, पुढच्या पंजांनी खेचलं, आणि पोरं शेवई ओढतात तसं सुर्रकन आत.

"अव्वा! खाल्लं! अव्वा, खाल्लं गं, खाल्लं!"

अव्वा पिठाच्या हातानं पळत आली. तिचं तोंड इतकं उजळलेलं! "खाल्लं? भात खाल्ला? किती?"

मी सांगितलं.

तिचं तोंड कसं झालं ते लिहिता येत नाही. ती तशीच उभी राहिली, हाताचं पीठ पावसानं ओघळून चाललं होतं. माझी अव्वा पाणी गाळून घेते, का, तर त्यात जीव असतात. डाळ निवडताना अळी निघाली तर ती पानावर घेऊन बाहेर सोडून येते. रात्रीचं ताट नको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर ती अंथरुणात नव्हती. गोठ्यामागं शेणखताच्या ढिगाशी बसलेली, डोक्यावर पोत्याची खोळ, हातात खुरपं. "शिवा, शिवा" म्हणत एकेक ढेकूळ उलटून राहिली होती.

"बारीकच घे," मला म्हणाली, जसं काही आमचं आधीच ठरलेलं. "मोठी असतील तर तोडावी लागतील. ते माझ्यानं व्हायचं न्हाई."

पहिल्यांदा तिनं केरसुणीची काडी वापरली, हात लागू नये म्हणून. पण काडीवरनं ते घसरायचं आणि पिल्लू फसायचं. मग तिनं चिमटीत धरलं. उजव्या हाताच्या. डावा हात लिंगाचा, तो तिनं तेवढा राखला. भरवून झालं की अव्वा परत डोक्यावरनं पाणी घ्यायची आणि मगच चुलीला शिवायची. एका अंघोळीची बाई दोन अंघोळींची झाली. अप्पांना कळलं होतं. ते फक्त एवढंच म्हणाले, "गल्लीत कळू देऊ नका."

आणि ते खायला लागलं! रोज बघावं तर वेगळंच! पाठ कडक झाली, डोळे उघडले, अव्वाची पावलं वाजली की घंगाळाच्या काठाला नखं लावून उभं राहायचं. अव्वा त्याच्याशी बोलायची. "हाव, हाव, आणलंय. दम काढ की जरा. हावरट कुठला. भावावर गेलंय."

अव्वाही जेवायला लागली.

आता चाँदभाई. आमच्या गल्लीतले तांबोळी. विड्याच्या पानांचे करंडे घेऊन बार्शी-लातूर ये-जा करायचे. त्या दिवसांत कोण कुणावर भरवसा ठेवून राहिलं होतं! पण चाँदभाईंनी अण्णाला खांद्यावर बसवून जत्रा दाखवलेली. ते बार्शीला त्याला भेटायचे आणि येऊन आमच्या ओसरीच्या पायरीवर बसायचे.

"बच्चा अच्छा है भाभी. फिकीर नक्को. आधी विचारतो काय मालूम? मां कैसी है? ना. बाप कैसा है? ना. कासव कैसा है!"

"मग तुम्ही काय सांगता?"

"मी क्या सांगू? तुम बोलो, वही सांगतो."

मी तोंड उघडलं. मला कधीचं सांगायचं होतं! अण्णा, ते गांडुळं खातंय, तुझं महादेवाचं कासव गांडुळं खातंय रे, आणि अव्वा स्वतः खणती! पण अव्वानं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

"झकास हाय म्हणावं," ती चाँदभाईंना म्हणाली. "दूधभात खातंय म्हणून सांगा."

ते गेल्यावर मी भांडले. "खोटं का सांगितलं?"

"गप. त्याला कळलं तर म्हणंल, अव्वानं घर बाटवलं. परत आल्यावर माझ्या हातचं जेवणार न्हाई तो. माझं लेकरू मला मालूम हाय."

मला पटलं. खरं म्हणजे मलाही भीतीच वाटली, अण्णा ताट सारून उठतोय अशी. मग प्रत्येक खेपेला तोच निरोप. दूधभात खातंय. मस्त दूधभात खातंय. एकदा अण्णानं विचारलं, केवढं झालंय? अव्वानं अंगठा आणि बोट जोडून गोल करून दाखवला. चाँदभाईंनी आपल्या बोटांचा तसाच गोल केला, अव्वाच्या बोटांशी लांबून ताडून बघितला, आणि म्हणाले, "बस, अब ये हात मी बार्शीपर्यंत हलवत न्हाई. करंडा एका हातानंच उचलतो." आणि खरंच तसा हात धरून गल्लीच्या टोकापर्यंत गेले. अव्वा हसता हसता रडली त्या दिवशी.

मग पाऊस वाढला, दंगे वाढले आणि छोटी गाडी बंद पडली. चाँदभाई तिकडंच अडकले. बार्शीहून काही येईना, इकडून काही जाईना. बाजार मिटला. दारं दिवसाही लावलेली. अव्वा तेवढी रोज गोठ्यामागं जायची. लोकांना त्या दिवसांचे गोळीबार आठवतात, मला चिखलात खुरपं रुतायचा आवाज आठवतो. पिल्लाला आता घंगाळ पुरेना. अव्वाच्या बोटांतला गोल केव्हाच मोडला होता, दोन्ही हातांची ओंजळ लागायची. "येऊ दे त्याला," म्हणायची. "ओळखणार न्हाई तो."

भादव्यात फौजा आल्या, राज्य गेलं. असं वाटलं जसं कुणीतरी गावाच्या छातीवरची पाटी उचलली. गाडी सुरू झाली. स्टेशनवर रोज गर्दी, रोज कुणाचं ना कुणाचं पोरगं उतरतंय, हार, गुलाल, रडारड. अव्वानं घंगाळ राखेनं घासून लख्ख केलं. पिल्लाच्या पाठीवर तेलाचं बोट फिरवलं. अप्पा स्टेशनवर जाऊन येत होते.

अण्णा उतरला नाही. चाँदभाई उतरले. करंड्याशिवाय.

ते ओसरीच्या पायरीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आधी पाणी मागितलं. प्यायले नाहीत, तांब्या हातात धरून ठेवला.

मुदतीचा ताप होता म्हणाले. लई दिवस. "बुखार उतरला होता, भाभी. खुदा की कसम, उतरला होता. बस ताकद नव्हती. हकीम बोले, कोंबडीची यखनी पाजा, चमचा चमचा, त्यानं उभा राहील. माझी बहन तिथंच राहती. तिनं साफ हातानं पकवली. मी वाटी घेऊन माडीवर गेलो. त्यानं विचारलं, क्या है चाचा? बीमार बच्च्याला मी कसा झूठ बोलू? कोंबडीचं पाणी हाय बोललो."

"मग?" अव्वा म्हणाली.

"तोंड मिटून घेतलं."

"तुम्ही म्हणायचं की पी म्हणून."

"बोललो. पाय धरायचे बाकी ठेवले. हसला मला." चाँदभाईंनी तांब्या खाली ठेवला. "बोलला, चाचा, तुमीच तर सांगत आलात. आमच्या घरात कासवसुद्धा दूधभातावर जगून राहिलंय. अन् मी माणूस असून हे पिऊ? अव्वाला काय तोंड दाखवू?"

अप्पा भिंतीला धरून खाली बसले. मी अव्वाकडं बघत होते. ती रडली नाही. तिनं आपला उजवा हात समोर धरला आणि जसा दुसऱ्या कुणाचा असावा तसा बघितला. नखांत सकाळची काळी माती होती.

"चाँदभाई," ती इतकी हळू बोलली की त्यांना पुढं वाकावं लागलं. "मी किडे खणून राहिले होते हो. त्याच्याचसाठी. रोज."

"अगं, कोंबडीच्या पाण्यानं कोण वाचतंय," अप्पा म्हणाले. "वेळ आली होती त्याची."

असंलही. मी अजून हेच स्वतःला सांगते. कुणाला मालूम, वाचला असता का नसता. पण अव्वाला कुणी काय समजवायचं? आमचं ते कासव आता रेणापूरला मामाच्या विहिरीत आहे. लई मोठं झालंय, वर आलं की पोरं दगड टाकतात, मामा ओरडतो. अव्वा तिथं कधी जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून गल्लीतल्या बाया भेटायला आल्या. ओसरी भरली. कुणी पदरानं नाक पुसतंय, कुणी अण्णाच्या सोवळेपणाचं कौतुक करून राहिलंय. केवढा निष्ठेचा पोरगा, मरताना बी बाटला न्हाई, आईचे संस्कार. अव्वा आत होती. मग ती बाहेर आली. घंगाळ दोन्ही हातांनी उचलून आणलं, एवढं जड, आणि बायांच्या मधोमध ठेवलं. केस मोकळे, कपाळ पुसलेलं, भस्म नाही. कनवटीला बांधलेली मातीची पुरचुंडी सोडली आणि एक गांडूळ चिमटीत धरून सगळ्यांसमोर उंच केलं. बाया "शिवा, शिवा" करत मागं सरकल्या. पाटलीण उठून उभीच राहिली.

कासवानं मान बाहेर काढली आणि खाल्लं.

"बघितलं?" अव्वा म्हणाली. "हे हेच खातंय. पहिल्यापास्नं हेच खातंय, माझ्या हातानं, याच घरात. सांगा सगळ्यांना." आणि मग एकदम ओरडली, घसा फाटेपर्यंत, "बार्शीपर्यंत सांगा!"